प्लगची हळद

नीरजच्या गाडीला खोकला झाला तो शनिवारी सकाळी, आणि तिच्या औषधपाण्याची जबाबदारी होती काशीनाथरावांवर.

गाडी नीरजची असली तरी किल्ली आठ दिवसांपासून काशीनाथरावांच्या खिशात होती. शेजारच्या फ्लॅटमधला नीरज बायकोच्या डोहाळजेवणासाठी पुण्याला गेला होता. सासऱ्यांनी न्यायला स्वतःची गाडी ड्रायव्हरसकट धाडली, त्यामुळे नीरजची छोटी लाल गाडी मीरा रोडच्या सोसायटीतच राहिली. जाताना तो सहज म्हणाला होता, "काका, दोन-तीन दिवसांनी एकदा चालू करून ठेवाल का? बॅटरी उतरायला नको."

आता एखाद्या माणसाने काय केलं असतं? दोन-तीन दिवसांनी एकदा गाडी चालू केली असती आणि विषय संपवला असता. पण काशीनाथरावांचं तसं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी भर दुपारी उर्मिलाबाईंच्या छातीत कळ आली होती. बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स काशीमिऱ्याच्या सिग्नलला अडकली होती आणि काशीनाथराव नुसतेच घरभर फिरत चष्मा शोधत होते, जो त्यांच्या डोळ्यांवर होता. तेव्हा नीरजने काकूंना सरळ उचललं, ह्याच लाल गाडीत ठेवलं आणि कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून दहा मिनिटांत हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभं केलं. "आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर कठीण होतं," असं डॉक्टर म्हणाले. आज उर्मिलाबाई चौथ्या मजल्याच्या खिडकीतून भाजीवाल्याशी पहिल्याइतक्याच जोमाने भांडत होत्या, त्या ह्या गाडीमुळे. हे काशीनाथराव विसरणं शक्यच नव्हतं.

बरं, ह्या उपकाराची फेड करायची तर नीरज काही घेईना. पेढ्यांचा बॉक्स दिला तर त्याहून मोठा बॉक्स परत आला. शर्टाचं कापड दिलं तर तो म्हणाला, "काय काका, आता कोण शिवून घालतं!" आणि म्हणून गाडी सांभाळायचं काम मिळालं तेव्हा काशीनाथरावांना लॉटरी लागल्यासारखं झालं. त्यांनी गाडी दोन-तीन दिवसांनी एकदा नाही, दिवसातून तीनदा चालू केली. सकाळी आंघोळ झाल्यावर, दुपारी जेवायच्या आधी आणि तिन्हीसांजेला. दर खेपेला दहा मिनिटं. गाडी जागची हलवायची नाही, परक्याची वस्तू. नुसती चालू करायची आणि बॉनेटसमोर हात बांधून उभं राहायचं. वॉचमन रोज विचारायचा, "साहब, आरती हो गया?"

तर शनिवारी सकाळच्या आरतीला गाडी खोकली. एरवी एका लयीत गुणगुणणारं इंजिन थड-थड-फुस, थड-थड-फुस करायला लागलं. स्टिअरिंग थरथरत होतं आणि समोर एक पिवळा दिवा लागला होता. काशीनाथरावांनी गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं. थड-थड-फुस.

ते तसेच वर आले. "अगं, गाडी मिसिंग करतेय."

"म्हणजे काय करतेय?" उर्मिलाबाई पोहे परतत होत्या.

"म्हणजे इंजिनाचा एक ठोका चुकतोय."

"अगंबाई," उर्मिलाबाईंचा हात आपसूक छातीवर गेला. "तिचा पण?"

तेवढ्यात नीरजचाच फोन आला. "काका, आम्ही आज निघतोय. साडेपाचपर्यंत पोचतो. साडेसहाला मिनलची डॉक्टरकडे अपॉइंटमेंट आहे, सातवा महिना आहे ना, रिक्षात धक्के नकोत. सासऱ्यांची गाडी लगेच परत जाणार, म्हणून आपलीच काढू. गाडी बरी आहे ना?"

काशीनाथरावांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत हेडक्लार्की केली होती. खोटं न बोलता खरं न सांगायची कला त्यांच्या अंगात मुरली होती. "गाडी? गाडी इथेच आहे," ते म्हणाले आणि घाईघाईने फोन ठेवला.

"मेकॅनिकला बोलवा की," उर्मिलाबाई म्हणाल्या.

बोलावलं होतं. मेकॅनिक म्हणाला, सोमवारी येतो. पण खरं सांगायचं तर काशीनाथरावांना मेकॅनिक नकोच होता. आठ महिने वाट पाहिल्यावर आज पहिल्यांदा नीरजसाठी काहीतरी करायची संधी दारात चालून आली होती. ती काय मेकॅनिकला द्यायची?

त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात एक दाढीवाला माणूस हिंदीत समजावून सांगत होता की मिसिंग म्हणजे बहुतेक वेळा स्पार्क प्लग खराब. कुठला खराब ते ओळखायचं तर इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या प्लगला वीज देणाऱ्या कॉइलची वायर क्षणभर काढायची. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन आणखी लंगडतं. ज्याची काढली तरी इंजिनाला काही फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून काम करत नाहीये.

"हे मला माहितीये!" काशीनाथराव एकदम ओरडले.

"तुम्हाला? गाडीतलं?"

"अगं, गाडीतलं नाही. आमच्या ऑफिसात सहा माणसं होती अशी. रजेवर गेली तरी कळायचं नाही."

ह्या कचेरीच्या अनुभवाच्या जोरावर त्यांनी खाली जाऊन तीनही वायरी एकेक करून काढून पाहिल्या. गाडीला सिलिंडर तीन. पहिल्याची वायर काढली, इंजिन कण्हलं. तिसऱ्याची काढली, इंजिन कण्हलं. दुसऱ्याची काढली आणि इंजिन जसं होतं तसंच थडथडत राहिलं. "सापडलास!" काशीनाथराव म्हणाले. उभ्या नोकरीत कुणाला असं तोंडावर म्हणायची त्यांची हिंमत झाली नव्हती.

मग ते रिक्षाने भाईंदरला गेले. तिथे सुट्या भागांच्या दुकानात पिंटूशेठ बसतात. नाव पिंटू असलं तरी वय साठ आणि मिशा पांढऱ्या. त्यांनी गाडीचं मॉडेल विचारलं, तीन नवे प्लग काउंटरवर ठेवले आणि विचारलं, "अंकल, प्लगपाना है घर पे?"

"वो क्या होता है?"

पिंटूशेठनी एकवार काशीनाथरावांकडे आणि एकवार छताकडे पाहिलं. मग खणातून एक लांब नळीसारखा पाना काढून हातात दिला. "ले जाओ. शाम को, कल, जब टाइम मिले वापस कर देना. और सुनो, पहले हाथ से घुमाना. सीधा पाना मारोगे तो चूडी जाएगी, फिर रोते हुए आओगे."

"अरे, लेकिन आप तो मुझे पहचानते भी नहीं."

"तो अब पहचान लिया."

झालं! एक उपकार फेडायला निघालेले काशीनाथराव दुसरा डोक्यावर घेऊन घरी आले. रिक्षात ते तो पाना दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले होते आणि पिंटूशेठच्या घरी दिवाळीला काय न्यावं ह्याचा विचार करत होते.

जेवायची वेळ टळत आली होती म्हणून ते आधी जेवायला बसले, आणि जेवण आटोपून हात धुऊन येतात तर प्लगची खोकी टीपॉयवरून गायब. प्लग देव्हाऱ्यासमोर पाटावर ओळीने मांडले होते आणि उर्मिलाबाई त्यांच्यापुढे बसून हळदकुंकू कालवत होत्या.

ह्यात काशीनाथरावांना काही वावगं वाटलं नाही, हे आधी सांगून ठेवतो. त्या घरात हळदकुंकवाशिवाय कुठलीच नवी वस्तू चालू झालेली नव्हती. मिक्सर, फ्रिज, गॅसचा रेग्युलेटर, एवढंच काय, काशीनाथरावांचं बीपीचं यंत्रसुद्धा. शिवाय हे प्लग साध्या गाडीचे नव्हते. उर्मिलाबाई हात जोडून म्हणाल्या, "बाई गं, तू मला वाचवलंस. तुझं पण सगळं नीट होऊ दे." आणि त्यांचे डोळे भरून आले. काशीनाथरावांनीही पाठीमागे उभं राहून नमस्कार केला.

आता प्लगचं कपाळ कुठलं, असा प्रश्न उर्मिलाबाईंना पडला असणार. पहिल्या प्लगला त्यांनी अगदी टोकाला, जिथे तो धातूचा आकडा वाकून येतो, तिथल्या फटीत बोटाने चांगलं ठसठशीत गंध भरलं. पहिला म्हणून जरा जास्तच. तेवढ्यात वाटीतलं गंध संपत आलं, मग उरलेल्या दोघांना वरच्या पांढऱ्या भागावर एकेक टिकली लावून भागवलं.

काशीनाथरावांनी जुने प्लग काढले. तिन्ही काजळाच्या डबीतून काढल्यासारखे काळेकुट्ट होते. ते त्यांनी खिशात टाकले, नवे आधी हाताने, आटे नीट बसेपर्यंत, आणि मग पान्याने बसवले, कॉइली लावल्या, वायरी जोडल्या. उर्मिलाबाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. वॉचमन खुर्ची सोडून आला. काशीनाथरावांनी किल्ली फिरवली.

थड-थड-फुस.

"अरे देवा!" काशीनाथराव म्हणाले.

त्यांनी पुन्हा वायरींची परीक्षा घेतली. दुसरा सिलिंडर आता मान खाली घालून काम करत होता. दांडी मारली होती ती पहिल्याने. हेडक्लार्कीच्या अनुभवातही हे बसत होतं, एक सुधारला की दुसरा बिघडायचाच. पण अडीच वाजले होते आणि ही कचेरी नव्हती. त्यांनी वायर हलवून पाहिली, कॉइल काढून फुंकर मारली, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला. प्लग पुन्हा काढून पाहावा असं काही त्यांच्या मनात आलं नाही. नवा प्लग, तोही हळदकुंकू लावलेला! त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे काय?

"अहो," वरून उर्मिलाबाईंनी हाक दिली, "उभी राहून राहून अवघडली असेल ती! जरा मोकळ्या रस्त्यावर पळवून आणा. घोडबंदरकडे जा. सावकाश या, माझी घाई नाही!"

"आणि तू एकटी?"

"मला काय धाड भरलीये? जा म्हणते ना!"

काशीनाथरावांनी गाडी बाहेर काढली. वरसाव्यापर्यंत ती कुरकुरत का होईना, आली. तिथून घोडबंदर रोडला लागले आणि चढ सुरू झाला तसं गाडीचं अवसानच गळालं. मागून ट्रक हॉर्न मारायला लागले. पिवळा दिवा आता उघडझाप करायला लागला, आणि उघडझाप करणारा दिवा म्हणजे ताबडतोब थांबा, असं व्हिडिओतला दाढीवाला म्हणाला होता. काशीनाथरावांनी चेण्याच्या वळणावर गाडी आत घेतली, एका घराच्या अंगणापाशी उभी केली आणि बंद केली.

सव्वातीन वाजले होते. ते स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. सातव्या महिन्यातली ती पोर जिन्याखाली उभी राहणार आणि तिला न्यायला गाडी नसणार. ज्या गाडीने आपल्या बायकोला वाचवलं, ती आपण आपल्या हाताने मोडली. नीरज काही बोलणार नाही, हसून रिक्षा बोलवील. तो काही बोलणार नाही हेच काशीनाथरावांना सहन होईना.

"काय झाला? गारी बंद परली का?"

खिडकीशी पांढरी टोपी घातलेला, सत्तरीचा एक काटक म्हातारा उभा होता. हे काळूराम. अंगण त्यांचंच होतं.

"बंद पडली नाही हो, मीच केली. मिसिंग करतेय."

"मंग उतर की. बॉनेट खोल. मिठागरावर तीस वरसं पानी खेचाचं इंजिन चालवलंय मी. चालू कर, मना आयकू दे."

काशीनाथरावांनी चालू केली. काळूरामनी डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली, एखादा जाणकार गाणं ऐकतो तशी. दोन मिनिटांनी म्हणाले, "एक नंबरचा झोपलाय. पिलग भायेर कार."

"प्लग नवाकोरा आहे. आजच घातलाय."

"नवाच तर झोपतो. कार."

इंजिन तापलेलं होतं. ते निवेपर्यंत काळूरामची बायको रंभा चहा घेऊन आली. काशीनाथराव "कशाला, कशाला" म्हणत राहिले आणि दोन कप प्यायले. मग काळूरामनी गाडीतल्या पिंटूशेठच्या पान्याने पहिला प्लग बाहेर काढला आणि उलटसुलट करून उन्हात धरला. त्यांचे खांदे हलायला लागले.

"रंभेऽ," ते शेवटी ओरडले, "हिकरं ये! ह्या पिलगाची हलद लागलीय!"

रंभाने पाहिलं. प्लगच्या टोकावर पिवळा-लाल लगदा पेट्रोलने भिजून गच्च बसला होता. "अगो बाई!" तिने पदर तोंडाला लावला. "सगली आंगभर माखलीय की! नवरा कुटं हाय हिचा?"

"अरे, म्हंजे जिथं ठिनगी परायची," काळूराम डोळे पुसत म्हणाले, "तिथंच हलद भरलीव तुमी. मंग आग लागल कशी? कोनी केलं हे?"

"आमच्या हिने," काशीनाथराव म्हणाले, आणि मग एकदा बोलायला लागले ते थांबेचनात. उर्मिलाबाईंच्या छातीतली कळ, सिग्नलला अडकलेली अ‍ॅम्ब्युलन्स, नीरज, पेढ्यांचा बॉक्स, सातवा महिना, साडेसहाची अपॉइंटमेंट, सगळं सांगून झालं. हसणाऱ्या रंभाने तोंडावरचा पदर खाली घेतला. काळूरामनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग बराबर केलान तुमचे बायकोनं," रंभा म्हणाली. "जीव वाचवला तिचा. हलदकुकू लावाचंच. पन भायेर लावाचं, आत न्हाय."

तिने घरातून एक स्वच्छ फडकं आणलं. काळूरामनी प्लगची फट सुईने कोरली, पॉलिश पेपरने घासली, फुंकर मारून वाळवली. फडक्यावर निघालेलं हळदकुंकू रंभाने खाली पडू दिलं नाही. ते तिने तुळशीत नेऊन टाकलं आणि येताना स्वतःच्या करंड्यातलं कुंकवाचं बोट गाडीच्या बॉनेटला लावलं.

"पन जुने पिलग कशानं गेले?" काळूरामनी विचारलं. काशीनाथरावांनी खिशातून ते तीन काळे प्लग काढून दाखवले. काळूरामनी त्यांच्यावरून बोट फिरवलं. "गारी किती चालवतंस?"

"चालवत नाही. नुसती चालू करतो. रोज तीनदा, दहा-दहा मिनिटं."

"आनि फिरवतंस किती?"

"फिरवीन कशी? परक्याची गाडी!"

"आरं बाबा," काळूराम म्हणाले, "तीन टाइम जेवाला घालतंस नि एक पाऊल चालू देत न्हाय. इंजिन गरम व्हाच्या आत बंद करतंस. काजली धरनारच. ही आजारी न्हवती. तूच पारलास तिला आजारी."

"मी?"

"तूच. पयले तू, मंग तुझे बायकोनं."

काशीनाथराव अंगणातल्या दगडावर मटकन बसले. आठ दिवस ज्या सेवेवर ते खूश होते, त्या सेवेनेच गाडीचा घात केला होता, आणि उरलासुरला घात आभाराच्या गंधाने केला होता. त्यांना रडावं की हसावं कळेना. काळूरामनी तो प्रश्न त्यांच्यापुरता सोडवला, प्लग बसवला आणि किल्ली फिरवली.

गाडी गुणगुणायला लागली. एका लयीत, जराही ठोका न चुकवता. काशीनाथराव उठले आणि काही सुचेना म्हणून काळूरामच्या पाया पडायला वाकले.

"ए, ए! आदी हिला धावव," काळूराम त्यांना धरून उभं करत म्हणाले. "चल, मी बसतो बाजूला. गायमुखापत्तुर चढावर ने तिला. छाती मोकली होऊ दे."

गायमुखापर्यंत गाडी हरणासारखी गेली आणि आली. पिवळा दिवा आपोआप विझला. काळूरामना घरी सोडताना काशीनाथराव म्हणाले, "तुमचे उपकार मी कसे..." तर रंभाने खिडकीतून भेंडीची भरलेली पिशवी आत ढकलली. "घरामागचे वारीतली हाय. बायकोला दे. आनि घरात बसवून ठेवू नको तिला, घेऊन ये हिकरं." दोन कप चहा, एक प्लग आणि आता दोन किलो भेंडी! काशीनाथरावांनी हिशेब करणं सोडून दिलं. "खूप बरं वाटलं हो," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली.

वरसाव्याला ट्रॅफिकने व्हायचा तो घोटाळा केलाच. सोसायटीच्या गेटमधून गाडी आत शिरली तेव्हा सहाला दहा कमी होते. पार्किंगच्या रिकाम्या जागेसमोर नीरज, मिनल आणि उर्मिलाबाई तिघंही उभी होती. नीरज रिकाम्या जागेकडे बघत होता आणि उर्मिलाबाई हातवारे करून काहीतरी समजावत होत्या.

काशीनाथराव उतरले. हाताला काजळी, शर्टाला हळद, काखेत भेंडी. खोटं न बोलता खरं न सांगायची कला त्यांना ह्या वेळी आठवलीच नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं, तीन वेळच्या आरतीपासून चेण्याच्या तुळशीपर्यंत. "तुझ्यासाठी काहीतरी करावं म्हणून गेलो रे नीरज, आणि तुझीच गाडी बिघडवली. लोकांनी नीट करून दिली म्हणून नीट आहे. माझं श्रेय एवढंच, की मी रस्त्याच्या कडेला व्यवस्थित उभी केली."

नीरज हसत सुटला. मिनल पोटावर हात ठेवून हसली. नीरज म्हणाला, "अहो काका, पण बॅटरीचं एवढं काय मनावर घेतलंत? बॅटरी आठ दिवसांत उतरत नाही. ते तर काकूंनीच सांगितलं होतं म्हणून मी..."

मिनलने त्याच्या दंडाला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"काकूंनी काय सांगितलं होतं?" काशीनाथरावांनी विचारलं.

उर्मिलाबाईंनी भेंडीची पिशवी हातात घेतली आणि आत बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "मग काय करू? आठ महिने झाले. सकाळी डोळे उघडले की तुम्ही समोर. पाणी प्यायले की 'बरं वाटतंय ना?' शिंकले की 'बरं वाटतंय ना?' जिना उतरू देत नाही, भाजी आणू देत नाही. मी नीरजला म्हटलं, बाबा, त्यांना दिवसातून थोडा वेळ तरी खाली जायला काहीतरी काम दे. तुम्ही तीनदा जाल हे मला काय माहीत! पण खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं. दहा मिनिटं मी गॅलरीत येरझाऱ्या घालायचे."

काशीनाथरावांनी गाडीचं उघडं दार धाडकन लावलं. आता ते चिडतील असं नीरजला वाटलं. पण त्यांनी बायकोकडे पाहिलं, जशी ती आठ महिन्यांपूर्वी होती तशी नव्हे, आत्ता समोर उभी होती तशी. हातात भेंडी, गालावर रंग, धडधाकट. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "अजून घाबरतो. तू आहेस, हेच मला खरं वाटत नाही कधीकधी."

"आहे मी. कुठे जातेय?" उर्मिलाबाई म्हणाल्या, आणि पदराने त्यांच्या शर्टावरची हळद उगाचच पुसत राहिल्या.

नीरजने घड्याळ पाहिलं. "काका, तुम्हीच चालवा. मी मागे मिनलजवळ बसतो. ह्या गाडीचा आवाज आता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो."

काशीनाथराव क्षणभर थांबले. मग खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून उर्मिलाबाईंच्या हातात ठेवल्या. "भाजी आण. नाक्यापर्यंत जा. नाक्याच्या पुढे गेलीस तरी चालेल." आणि मागे वळून न बघता ते गाडीत बसले.

आठ महिन्यांनी उर्मिलाबाई एकट्या गेटबाहेर पडल्या. काय सांगू त्यांचा आनंद! त्यांनी कोथिंबीर घेतली, टोमॅटो निवडून घेतले, भाजीवाल्याशी समोरासमोर भांडल्या आणि त्याला दोन मिरच्या जास्त टाकायला लावल्या. नाक्याच्या पुढे जाऊन आल्या. कुणी अडवलं नाही. कुणी काही विचारलं नाही. त्यांनी पर्समधून मोबाइल काढून पाहिला. फोन आलेला नव्हता. आवाज बंद झालाय का तेही पाहिलं, तर तो चालू होता. त्या नाक्यावरच्या बाकावर बसल्या, परत उठल्या, परत मोबाइल पाहिला. वीस मिनिटं झाली होती.

शेवटी त्यांनीच फोन लावला. उचलला नीरजने.

"काकू, काका गाडी चालवताहेत. अगदी मस्त. काय सांगू त्यांना?"

"काही नाही रे," उर्मिलाबाई म्हणाल्या, "चालवू दे त्यांना. फक्त सिग्नलला थांबले ना, की हळूच विचार, उन्हातान्हाचे एवढे फिरलेत... बरं वाटतंय ना त्यांना?"